तोंडे आणि हात : वऱ्हाडातील लोकसंख्येची दीडशे वर्षे



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हटले, की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम राजेरजवाडे उभे राहतात. वाशिमकरांच्या बाबतीत तर ते साहजिकच आहे. हे गाव एके काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. त्या घराण्यातील हरिषेण राजाच्या सचिवाने, वराहदेवाने, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. भोसल्यांच्या काळात येथे बालाजीचे देऊळ उभे राहिले. या सगळ्यांचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु आमचे आयुष्य गेले जिनातल्या मजुरांत आणि बाजारातल्या हमालांत. तेव्हा आम्हांस नेहमी एक प्रश्न पडत आला : लेणी ज्यांनी कोरली, देवळाचे दगड ज्यांनी वाहिले, ती माणसे होती तरी किती? ती कशाने वाढली, कशाने घटली, आणि ती वाढली किंवा घटली म्हणजे समाजाचे काय होते?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतर एका जिनात आम्ही कामास लागलो. रेच्यावर कपाशी घालणाऱ्या बायांना पुरुषांपेक्षा कमी रोज मिळे आणि हंगाम संपला की सर्वांनाच घरी बसावे लागे. एकदा रोजवाढ मागायला आम्ही पाचसहाजण गेलो. मुकादम शांतपणे म्हणाला, "दाराबाहेर शंभर उभे आहेत. तुम्हांस परवडत नसेल तर जा." आम्ही बाहेर आलो तो खरेच माणसे उभी होती. त्या दिवशी आम्हांस लोकसंख्येचा पहिला धडा मिळाला. पुढे सार्वजनिक वाचनालयात जुनी गॅझेटिअरे आणि शिरगणतीचे अहवाल चाळताना कळले, की मुकादमाचे ते वाक्य फार जुने आहे. ते मोठमोठ्या लाटसाहेबांनीही उच्चारलेले आहे. त्या वाक्यात खरे किती आणि खोटे किती, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासावरून तपासावे, एवढाच आजचा हेतू.

कापसाने आणलेली माणसे

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर १८६७ साली वऱ्हाडची पहिली शिरगणती झाली. म्हणजे सबंध हिंदुस्थानची पहिली खानेसुमारी होण्यापूर्वीच येथील माणसे मोजली गेली. त्या वेळी वऱ्हाडात सुमारे २२ लाख ३० हजार माणसे होती. १८८१ साली ती पावणेसत्तावीस लाखांच्या आसपास गेली आणि १८९१ साली जवळजवळ २९ लाख झाली. चोवीस वर्षांत शेकडा तीस वाढ! ही वाढ कोठून आली?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साहेबांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. याच दशकात जी. आय. पी. रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपुरास पोचली. कापसास भाव आला, पडीत जमिनी नांगराखाली आल्या, सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने निघाले. जेथे काम तेथे माणूस. शेजारच्या निजामी मुलखातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मजूर आले. मारवाडातून सावकार, कच्छातून कापसाचे व्यापारी आले. आज कारंज्याच्या किंवा वाशिमच्या एखाद्या जुन्या पेठेत उभे राहून दुकानावरील आडनावे वाचीत गेले, तर त्या तीस वर्षांचा इतिहास वाचल्यासारखे होते.

येथे एक नियम ध्यानी धरावा. एखाद्या मुलखातील माणसे दोन वाटांनी वाढतात : जन्म मृत्यूंपेक्षा अधिक झाले तर, आणि येणारे जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाले तर. वऱ्हाडातली पहिली वाढ या दोन्ही वाटांनी झाली. लोक वाढले म्हणून मुलूख दरिद्री झाला, असे त्या काळी कोणी म्हणाले नाही. उलट माणसांची टंचाई होती. साहेबास कापूस वेचायला हात हवे होते. हात हवे असतात तेव्हा तोंडे कोणी मोजत नाही.

परंतु या भरभराटीत एक वाळवी होती. पूर्वी शेतकऱ्याच्या अंगणात ज्वारीचे पेव असे. एका चांगल्या सालाची ज्वारी दोन वाईट साले काढी. कापूस वाढला तशी ज्वारी मागे पडली आणि आगगाडी आली तसे पेवातले धान्य बाजारात निघून गेले. शेतकरी रोकडा पैसा पाहू लागला. पण त्याचे पोट आता पेवावर नसून भावावर अवलंबून राहिले. ज्याला स्वतःची जमीन नव्हती, त्याचे पोट तर निव्वळ रोजावर.

एक जिल्हा शेकडा अकराने घटला

आता आम्ही ज्या आकड्यांसाठी हे सर्व सांगत आहो, तेथे येऊन पोचलो. त्या काळी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रज त्यास 'बासिम' म्हणत. वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. १८९१ साली या जिल्ह्यात ३ लाख ९८ हजार माणसे होती. १९०१ साली पुन्हा मोजली, तेव्हा भरली ३ लाख ५३ हजार ४१०. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ४५ हजार माणसे कमी, शेकडा अकरा! सबंध वऱ्हाडची घट शेकडा पाचांच्या आसपास होती. म्हणजे वऱ्हाड जेवढे घटले, त्याच्या दुपटीहून अधिक आपला जिल्हा घटला.

या आकड्याच्या मागे दोन दुष्काळ आहेत : एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. दुसऱ्या दुष्काळास आपल्याकडील मारवाडी मंडळी संवत १९५६ वरून 'छपनिया' म्हणतात. १८९९ चा पावसाळा पश्चिम व मध्य हिंदुस्थानच्या मोठ्या भागात कोरडा गेला. ज्वारी बुडाली, कापूस बुडाला आणि चाऱ्यावाचून गुरे मेली. कापूस बुडाला म्हणजे वेचणी नाही. वेचणी नाही म्हणजे रोज नाही. रोज नाही म्हणजे बाजारात धान्य असून ते घेण्याची ऐपत नाही. उपाशी शरीरावर मग पटकी, हगवण आणि हिवताप यांनी झडप घातली. दुष्काळात माणूस बहुधा थेट भुकेने मरत नाही. भूक त्यास रोगाच्या हवाली करते. शिवाय भुकेल्या घरात पाळणे हलत नाहीत. म्हणून घटीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : मेलेले, न जन्मलेले आणि गाव सोडून गेलेले. ४५ हजार हा केवळ प्रेतांचा आकडा नव्हे. पण तो प्रेतांशिवायचाही नव्हे.

आपलाच जिल्हा अधिक का बुडाला? आमच्या मते कारण उघड आहे. अकोल्याकडील पायनघाट म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन, आणि तिच्यामधून जाणारी आगगाडी. आपण बालाघाटावरचे. जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी. आणि त्या काळी वाशिमपासून आगगाडीचे स्टेशन ५२ मैलांवर, अकोल्यास. बैलगाडीने धान्य आणायचे, तर चाऱ्यावाचून बैल मेलेले! जमीन, रस्ता आणि रोजगार या तिन्ही बाबतींत जो मागे, तो मरणात पुढे. हा त्या सालाचा हिशेब.

आणि पाहा, ज्या जिल्ह्याची माणसे घटली, तो जिल्हाही फार दिवस राहिला नाही. १९०५ साली सरकारने वाशिम जिल्हा मोडला. वाशिम व मंगरूळ अकोल्यास जोडले, पुसद यवतमाळास दिले. केवळ माणसे घटली म्हणून हे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण माणसे उणावलेल्या मुलखाची कचेरीही उठते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले. ती कचेरी परत यायला ९३ वर्षे लागली. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा झाला. या नव्या जिल्ह्यात पुसद नाही, आणि कारंजे, रिसोड, मालेगाव, मानोरा आहेत. म्हणून जुन्या आणि नव्या आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये. पण दाटीची तुलना करता येते. १९०१ साली दर चौरस मैलास येथे १२० माणसे होती. २०११ साली नव्या जिल्ह्यात सुमारे १२ लाख माणसे भरली आणि दाटी मैलास सहाशेच्या वर गेली. म्हणजे ११० वर्षांत पाचपट!

"लोकच फार झाले"

येथे आपल्यापैकी कोणी मनात म्हणेल : १२० होते तेव्हाही माणसे उपाशी मेली, तर आज सहाशेंवर आहेत तेव्हा काय होईल? या शंकेचे मूळ माल्थस नावाच्या इंग्रज पाद्र्यापाशी आहे. त्याने १७९८ साली ग्रंथ लिहून असे मांडले, की माणसे गुणाकाराने वाढतात आणि धान्य बेरजेने. म्हणून भूक व रोगराई हीच शेवटी माणसांची संख्या आवरतात. माल्थस मूर्ख नव्हता. ज्या काळात पीक वाढविण्याचे शास्त्र नव्हते आणि जन्म आवरण्याचे साधन नव्हते, त्या काळाविषयी त्याचे म्हणणे बरेचसे खरे होते. पण राज्यकर्त्यांच्या हाती हा सिद्धांत आला, तेव्हा त्याची सबब झाली.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील गड्याचा शिधा दिवसास एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या शेराच्या आसपास, एवढ्यावर आणला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास अर्धा शेर! मुंबई इलाख्यातील मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि हजारोंनी कामे सोडून ते निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आपल्या देशातील संपाचा इतिहास लिहिणारे बहुधा गिरण्यांपासून सुरुवात करतात. आम्ही म्हणतो, त्याचे पहिले पान या दुष्काळी कामावरच्या उपाशी मजुरांचे आहे. त्यांना कोणी पुढारी नव्हता, वर्गणीची पावती नव्हती. होता तो फक्त नकार.

आता याच्या शेजारी दुसरा दुष्काळ ठेवून पाहा. १९७२-७३ साली महाराष्ट्रात पाऊस असाच रुसला. १९०१ च्या मानाने माणसे कितीतरी अधिक होती. माल्थसच्या हिशेबाने सर्वनाश व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्या वर्षी रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांची कामे गावोगाव काढली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. आमची आई सेनगावकडची, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातली. बाळंतपणासाठी ती माहेरी होती. आम्ही झोळीत आणि ती खडीवर. लाल मिलोच्या भाकरीची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव ती मरेपर्यंत विसरली नाही. "मिलो गुरांनीबी खाल्ला नसता," असे म्हणायची, आणि लगेच पुढे म्हणायची, "पण त्यानंच वाचलो." वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या कामांतून पक्की झाली आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला.

१९०० साली माणसे थोडी होती आणि ती मेली. १९७३ साली माणसे पुष्कळ होती आणि ती जगली. फरक तोंडांच्या संख्येत नव्हता. फरक हा होता, की दुसऱ्या वेळी हातांना काम आणि कामाला दाम मिळाले. १९८१ साली अमर्त्य सेन यांनी आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून हेच सिद्ध केले : धान्य असूनही, ते मिळविण्याची ऐपत गेली म्हणजे माणूस मरतो. त्यांनी ते विद्वानांसाठी सिद्ध केले. आमच्या आईला ते खडीच्या ढिगावर कळले होते.

माणसे थोडी झाली म्हणजे?

मग माणसे थोडी झाली तर मजुराचे भले होते काय? मुकादमाचे वाक्य खरे मानले, तर व्हायला हवे. याचा दाखला युरोपात आहे. १३४८ नंतरच्या प्लेगने इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसे नेली. शेते ओस पडली आणि उरलेल्या मजुरांनी अधिक रोज मागितला. तेव्हा जमीनदारांनी काय केले? १३५१ साली पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला, की प्लेगपूर्वीच्या दराहून अधिक मजुरी कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये. म्हणजे माणसे फार असली की सांगायचे, "बाजाराचा नियम आहे, रोज वाढणार नाही". आणि थोडी झाली की बाजाराचा नियम बाजूला सारून शिपाई आणायचा! पुढे त्या कायद्याला न जुमानता मजुरी वाढलीच. पण वाढली ती मजुरांनी मागणी सोडली नाही म्हणून.

आपल्याकडे अशी ओस पाडणारी साथ १९१८ साली आली. महायुद्धावरून परतलेल्या जहाजांबरोबर इन्फ्लुएंझा मुंबईत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी लाट आगगाडीच्या रुळांवरून आत शिरली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वाधिक मृत्यूचे प्रमाण असलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. त्यातच त्या वर्षीचा पाऊसही अपुरा. या साथीचा विशेष असा, की ती म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांवर अधिक तुटून पडली. आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बाया अधिक मेल्या, कारण आजाऱ्याची सेवा त्यांनी करायची आणि उरलेसुरले त्यांनी खायचे. १९११ साली वऱ्हाडात सुमारे साडेतीस लाख माणसे होती. १९२१ साली ती जवळजवळ तेवढीच राहिली. आजच्या भारताच्या हद्दीतील संख्याही त्या दशकात किंचित घटली.

दुष्काळात मूल आणि म्हातारा जातो, घराचा कणा उरतो. या साथीत कणाच गेला. कर्ती माणसे गेली, शेते पडली, गहाणखते सुटली नाहीत, पोरकी मुले काकांकडे नाही तर सावकाराकडे राबायला राहिली. तेव्हा लोकसंख्या किती घटली एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या वयाची घटली हे विचारावे लागते. समाज म्हणजे नुसती बेरीज नव्हे, ते एक घर आहे. आणि घरात कमावते किती व खाते किती यावर त्याचे बरेवाईट ठरते.

१९२१ : दोन गोष्टी

शिरगणतीचे अभ्यासक १९२१ या सालास 'महाविभाजनाचे वर्ष' म्हणतात. त्याआधी आपली संख्या दुष्काळ आणि साथी यांच्या हेलकाव्यांत वरखाली होत असे. त्यानंतर ती एकदाही घटली नाही. आजच्या भारताच्या हद्दीत १९२१ साली २५ कोटी माणसे होती. त्याच हद्दीत १९५१ साली ३६ कोटी, १९८१ साली ६८ कोटी, २०११ साली १२१ कोटी.

ही वाढ लोक अधिक मुले जन्माला घालू लागले म्हणून झालेली नाही. आमचे आजे-पणजेही सहा-सात मुलांचे बाप होते. वाढ झाली ती मरण मागे हटले म्हणून. देवीची लस गावोगाव गेली आणि १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. स्वातंत्र्याच्या वेळी दरसाल साडेसात कोटी लोकांस हिवताप होई आणि त्यातले सुमारे आठ लाख दगावत. १९५३ पासून डी. डी. टी.च्या फवारणीची मोहीम निघाली. विहिरींत औषध पडू लागले, दवाखाने निघाले, रेशनचे धान्य आले. १९२१ च्या आधी जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही आत होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. म्हणून 'लोकसंख्येचा स्फोट' हा शब्द आम्हांस कधी आवडला नाही. ज्याला स्फोट म्हणतात, ते मूलतः आपल्या आयांची मुले न मरण्याचे वृत्त आहे. आमच्या आईस सात झाली, चार राहिली; तिच्या सासूला नऊ झाली, तीन राहिली. सुनांना दोन-दोन झाली आणि सगळी राहिली. तीन पिढ्यांत सबंध शास्त्र आले.

मरण आधी मागे हटते आणि जन्म मागाहून आवरतात. मधल्या दोन पिढ्यांत संख्या फुगते. ज्या आईने नवांपैकी सहा पुरली, तिला दोनांवर थांबा असे सांगून ती ऐकेल कशी? आपली मुले जगतात अशी खात्री पटल्यावरच माणूस थोडी मुले होऊ देतो. हे युरोपात झाले, आपल्याकडेही झाले. कोणत्या एका जातीत किंवा एका धर्मात नव्हे, सर्वांत झाले, फक्त कोठे आधी, कोठे नंतर.

त्याच १९२१ साली दुसरी एक गोष्ट घडली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांस प्राध्यापकी सोडावी लागली, समाजाची निंदा आणि कोर्टाचे खटले सोसावे लागले. तरी १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो डॉ. आंबेडकरांनी तयार केला होता आणि आमदार रोहम यांनी मांडला. ठराव फेटाळला गेला. मजुरांच्या पक्षाने हा ठराव मांडावा याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. आम्हांस वाटत नाही. याच आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकास पाठिंबा दिला होता. बाईला मूल केव्हा व्हावे हे ठरविण्याचा हक्क आणि मूल झाल्यावर रोज न बुडण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच मागणीचे भाग आहेत, हे त्यांस दिसत होते.

हक्क आणि हुकूम

१९५२ पासून भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. परंतु ज्याची मागणी कर्वे आणि आंबेडकर यांनी हक्क म्हणून केली, त्याचा आणीबाणीत हुकूम झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. आमच्या गावात सरकारी जीप दिसली की पुरुष तुरीच्या शेतात पळत, असे आमचे वडील सांगत. ज्याच्या घरी जमीन होती, ओळख होती, तो सुटे, मजूर सापडे.

या सक्तीचा परिणाम काय झाला? लोकांच्या मनात दहशत बसली, पुरुषांनी या कार्यक्रमाकडे जी पाठ फिरविली ती कायमची. आणि पुढचे सर्व ओझे बायांच्या अंगावर पडले. तरीही जन्म आवरलेच. १९९२-९३ साली महाराष्ट्रातील एका स्त्रीस सरासरी तीनच्या आसपास मुले होत. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ भरला. आईबापांच्या जागी तेवढीच माणसे यायची, तर तो २.१ असावा लागतो. हे जीपने झाले नाही. मुलगी शाळेत गेली, तिचे लग्न चार वर्षे पुढे गेले, मुले जगू लागली, आणि पोराला राबविण्यापेक्षा शिकविण्यात हित आहे असे मजुरालाही वाटू लागले, म्हणून ते झाले.

मात्र या यशाला एक कलंक आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुले दोनच हवी, पण त्यांत मुलगा हवाच, असे ज्या समाजाने ठरविले, त्याने यंत्र वापरून मुली पोटातच मारल्या. १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. आणि आपल्या जिल्ह्यात त्याहूनही कमी. १९०० साली निसर्गाने आणि सरकारने मिळून माणसे मारली. ही मात्र आपण आपल्या घरात, आपल्या पैशाने मारली. आज लग्नाला मुलगी मिळत नाही म्हणून गावोगाव जे तरुण खिन्न बसलेले दिसतात, त्यांनी हा आकडा पाठ करावा.

पुढचे पान

आता आपण एका नव्या वळणावर आहो. शंभर वर्षे आपण 'माणसे फार' ही तक्रार ऐकली. पुढच्या पन्नास वर्षांत 'तरुण थोडे आणि वृद्ध फार' ही ऐकावी लागेल. त्याची चिन्हे येथेच दिसतात. दिवाळी झाली की मानोऱ्याच्या तांड्यांवरून, रिसोड-मालेगावच्या खेड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईच्या इमारतींवर निघतात. बसस्टँडवर निरोप द्यायला म्हातारी माणसे असतात. खेड्यात उरतात ती तीच, आणि पट कमी म्हणून डोक्यावर टांगती तलवार असलेली शाळा.

ज्या पिढीने दोन मुलांवर थांबून राष्ट्राचे काम केले, तिला म्हातारपणी आधार म्हणून सात मुलगे नाहीत. पूर्वी मुलगा हाच गरिबाचा पेन्शनचा कागद होता. तो कागद आपण फाडावयास लावला. त्याच्या जागी दुसरा दिला काय? कारखान्यात तीस वर्षे राबलेल्या कामगारास २०१४ साली सरकारने किमान पेन्शन ठरविले ते महिना १००० रुपये; आणि शेतमजुरास तर तेवढेही हक्काचे नाही. आमच्या मते येत्या काळातील कामगार चळवळीची मुख्य मागणी ही असली पाहिजे. हात थकल्यावरही तोंड असते, हे समाजाने मानले पाहिजे.

त्यासाठी आधी माणसे नीट मोजली गेली पाहिजेत. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी शिरगणती २०२१ साली झाली नाही; ती २०२७ साली घेण्याचे सरकारने जाहीर केले. दरम्यान रेशनवर किती माणसांस धान्य द्यायचे, याचा हिशेब २०११ च्या आकड्यांवर चालला. दहा-पंधरा वर्षांत जी पोरे जन्मली, जी कुटुंबे विभक्त झाली, ती कागदावर नव्हतीच. जो मोजला जात नाही, त्याला वाटा मिळत नाही. म्हणून या मंडपातील सुशिक्षित मंडळींस आमची एक विनंती आहे. मोजणीदार येईल तेव्हा आपले घर तर सांगालच. पण आपल्या गल्लीतला हमाल, पाल ठोकून राहिलेले कुटुंब, ऊसतोडीहून परतलेली बाई यांचीही नावे लागली की नाही, हे पाहा. १९०१ च्या अहवालात आपल्या ज्या पूर्वजांची उणीव दिसते, त्यांचे नाव कोणी लिहिले नाही, फक्त वजाबाकी लिहिली.

त्या मुकादमास आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. दाराबाहेर शंभर उभे होते हे खरे. पण ते शंभर आमच्या पोटावर आलेले नव्हते. ते आमच्यासारखेच काम मागायला आले होते. आम्ही त्यांना शत्रू समजलो असतो, तर तो जिंकला असता. पुढच्या हंगामात आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसलो, आतले आणि बाहेरचे मिळून एकच रोज मागितला आणि तो मिळाला. लोकसंख्येच्या इतिहासातून एक मजूर म्हणून आम्ही जो बोध घेतला, तो एवढाच आहे.